बॉनेटचे गेलेले अस्तर

सदर : हात आणि हत्यार



गेल्या महिन्यात निफाड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले. पत्र शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलेले. अक्षर मुलीचे, सांगणे आईचे. त्यांचा मोठा मुलगा एका बागायतदाराच्या द्राक्षबागेत जुना छोटा ट्रॅक्टर चालवतो. ऑक्टोबरची छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात आणि मग पहाटेपासून तो त्या सीटवर. "घरी येतो तो आवाज घेऊनच येतो," असे त्या माऊलीने लिहिले आहे. टीव्ही मोठा लावतो. बहीण हळू बोलली की 'काय पुटपुटतेस' म्हणून खेकसतो. रविवारी विहारात वंदनेला डोळे मिटून बसला की कानात रातकिडे किरकिरतात म्हणतो. बॉनेटच्या आत स्पंजाचे अस्तर होते, ते कुजून गळून पडले, तेव्हापासून आवाज वाढला, असे मुलाचे म्हणणे. मालकाला सांगितले तर मालक म्हणाला, "ट्रॅक्टर चालतोय ना? मग स्पंजाचं काय घेऊन बसलास?"

शेवटी माऊली विचारते : ते अस्तर पुन्हा बसवता येते का? आपल्या हाताने बसवता येते का? आणि बसवले तर माझ्या पोराचे कान सुधारतील का?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' आहे. तिसऱ्याचे उत्तर जड मनाने द्यावे लागते. एखाद्या दिवसाच्या आवाजाने बधिरलेला कान विश्रांतीने मोकळा होतो. पण वर्षानुवर्षांच्या आवाजाने जे ऐकू येणे गेले ते परत येत नाही. उरलेले मात्र वाचवता येते. म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे. आमचे कितीतरी वाचक ट्रॅक्टर, टेम्पो, जनरेटर, कॉम्प्रेसर यांच्या शेजारी उभे राहून पोट भरतात. त्यांनाही तो लागू आहे.

हे अस्तर असते कशाला?

छोटा ट्रॅक्टर ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नव्हे. अमेरिकेत घराभोवतीची हिरवळ आणि परसबाग राखण्यासाठी १९६० च्या दशकात 'गार्डन ट्रॅक्टर' नावाची छोटी यंत्रे निघाली. 'कब कॅडेट' १९६१ साली आला, 'जॉन डिअर ११०' १९६३ साली. तिथले हौशी लोक असली जुनी यंत्रे आजही दुरुस्त करून जपतात. ज्यांच्या बॉनेटला आतून फोम होता त्यांची तक्रार आपल्या निफाडच्या मुलासारखीच : फोमचा भुगा झाला, आता काय लावू? फरक एवढाच की तिथे तो मालकाचा छंद आहे आणि इथे ती आपल्या पोराची रोजी आहे. छंदवाला कंटाळला की यंत्र बंद करतो. रोजंदारीवाल्याला बंद करता येत नाही.

आता अस्तराचे काम समजून घेऊ. डिझेल इंजिनात प्रत्येक स्फोटाबरोबर ठोका बसतो. तो आवाज वर जातो आणि बॉनेटच्या पातळ पत्र्यावर आदळतो. रिकामा तेलाचा डबा काठीने वाजवावा तसा पत्रा वाजू लागतो आणि आवाज चालकाच्या तोंडावर फेकतो. आतून मऊ, सच्छिद्र थर लावला की आवाजाच्या लाटा त्याच्या छिद्रांत शिरतात, तिथल्या तिथे घासल्या जाऊन विरतात. शिवाय पत्र्याला काहीतरी घट्ट चिकटलेले असले की त्याचे थरथरणे कमी होते. तिसरा फायदा उष्णतेचा. बॉनेटचा पत्रा कमी तापतो आणि रंगही टिकतो.

हा फोम बहुधा पॉलीयुरेथेनचा असतो. उष्णता, दमट हवा आणि तेलाची वाफ या तिघांनी तो वर्षानुवर्षे खाल्ला जातो. आधी चिकट होतो, मग बोट लावताच भुगा पडतो. हा भुगा नुसता खाली पडला तर ठीक; पण तो रेडिएटरच्या जाळीत अडकतो, एअर क्लीनरच्या तोंडाशी जातो, तेलाने भिजलेला तुकडा गरम मॅनिफोल्डवर पडला तर धुमसतो. म्हणजे अर्धवट लोंबणारे अस्तर हे अजिबात नसलेल्या अस्तरापेक्षा वाईट.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक ट्रॅक्टरला असे अस्तर कंपनीतून येतेच असे नाही. आपल्या यंत्राला होते की नाही हे ओळखायचे तर बॉनेट उघडून आतून बॅटरी मारून पाहा. पिवळ्या-तपकिरी गोंदाचे डाग, क्लिपांची भोके किंवा कडेने वळवलेल्या पट्ट्या दिसल्या तर तिथे अस्तर होते. नसेल तरीही, जागा पुरेशी असेल तर नवे लावता येते.

आधी सायलेन्सर बघा

आवाज वाढला की सगळा दोष अस्तराला देऊ नये. सायलेन्सर गंजून त्याला भोक पडले असेल, मॅनिफोल्डचे पॅकिंग जळाले असेल किंवा बोल्ट ढिला असेल, तर बॉनेटला सोन्याचे अस्तर लावूनही उपयोग नाही. इंजिन गार असताना सायलेन्सरच्या सांध्यांवर काळी काजळी दिसते का ते पाहा. दिसली तर तिथून धूर आणि आवाज दोन्ही सुटत आहेत. आधी ते पॅकिंग बदलावे. मग बॉनेटचे बिजागर, खटका, बाजूचे पत्रे हाताने हलवून पाहावेत. जिथे खडखडते तिथे बोल्ट आवळावा. बॉनेट ज्या रबरी बुचांवर टेकते ती बुचे झिजली असतील तर बदलावीत. एवढ्यानेच पुष्कळदा फरक पडतो.

जुने काढताना घाई नको

हे काम इंजिन पूर्ण गार असताना, उघड्या अंगणात करावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. दिव्यांच्या वायरी बॉनेटमधून गेल्या असतील तर त्यांची जोडणी कशी आहे ते कागदावर काढून ठेवावे. बॉनेट दोघांनी मिळून उतरवावे आणि गोणपाटावर पालथे, म्हणजे आतली बाजू वर करून ठेवावे. फवारणीच्या ट्रॅक्टरवर औषधाचा थर बसलेला असतो, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुऊन घ्यावे. हातमोजे घालावेत.

उरलेला फोम कोरडा खरवडू नये. पाणी शिंपडून ओला करावा, नाकातोंडाला मास्क लावावा आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावा. तारेचा ब्रश कोरड्या भुग्यावर फिरवला की तो सगळा आपल्या छातीत जातो. गोंद राहिला तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ ठेवून पुसावा. पेट्रोल वापरू नये. बिडी-काडी लांब ठेवावी. भिजलेले बोळे एकावर एक ढीग करून टाकू नयेत, सुटे पसरून वाळवावेत. ढिगात ते आपोआप तापू शकतात.

इथे एक सावधगिरीची सूचना. जुन्या यंत्रात फोमऐवजी पांढरा-करडा, तंतूंचा पुठ्ठा किंवा दोरी गुंडाळलेली दिसली, विशेषतः सायलेन्सर आणि मॅनिफोल्डजवळ, तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. त्याचे तंतू फुप्फुसात रुततात आणि त्यांचा आजार कित्येक वर्षांनी वर येतो. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर अजून पूर्ण बंद झालेला नाही. म्हणून शंका असली की तो थर फाडू नका, घासू नका, फुंकर मारून झाडू नका. तो घट्ट बसलेला असेल तर तसाच राहू द्या आणि अस्तर फक्त बॉनेटच्या पत्र्याला लावा. लहान मुलांना कामाजवळ येऊ देऊ नका आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये निकाल दिला आणि कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मानले. ज्या घटनेच्या शिल्पकाराला आपण बाप मानतो, तिचे ते कलम आपल्या फुप्फुसापर्यंत पोचते हे विसरू नये.

पत्रा उघडा झाला की गंज पॉलिश पेपरने घासावा, रेड ऑक्साइडचा एक हात द्यावा आणि रात्रभर वाळू द्यावा. ओलसर किंवा तेलकट पत्र्यावर कुठलेही सोल्युशन टिकत नाही.

काय लावावे, काय लावू नये

आधी 'काय लावू नये' ते सांगतो, कारण चूक इथेच होते. गादीचा फोम लावू नये. तो स्वस्त मिळतो, पण ठिणगी लागली की भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. थर्मोकोल लावू नये, तो वितळतो. गोणपाट, जुनी गोधडी, रेक्झिन लावू नये. ती तेल पितात आणि वातीसारखी पेटतात.

लावण्यासारख्या तीन गोष्टी बाजारात सहज मिळतात. एक, मोटारींच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळणारी बॉनेटची इन्सुलेशन शीट, जिच्या एका बाजूला चंदेरी फॉइल असते. दोन, एसीच्या पाइपांवर आणि डक्टवर लावतात ते काळे नायट्राइल रबर. ते साधारण १०५ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसते आणि पाणी पीत नाही. मात्र आवाज शोषण्यात ते सच्छिद्र थरापेक्षा थोडे कमी पडते. तीन, भंगारात निघालेल्या मोटारीच्या बॉनेटचे दाबलेल्या तंतूंचे अस्तर. भंगारवाल्याकडे ते अगदी कमी पैशांत मिळते. फक्त ते कोरडे आहे ना, तेलाचे डाग किंवा उंदराने कुरतडलेले नाही ना, हे पाहून घ्यावे.

काहीही विकत घेतले तरी त्याची परीक्षा घ्यावी. कडेचा बोटभर तुकडा कापून, पकडीत धरून, मोकळ्या जागी, तोंडापासून दूर काडीच्या ज्योतीवर धरावा. काडी बाजूला घेताच तुकडा विझला पाहिजे. जळतच राहिला, थेंब थेंब गळू लागला, तर तो माल दुकानदाराला परत द्यावा. दुकानदार 'फायरप्रूफ आहे' म्हणतो, एवढ्यावर विसंबू नये. तथागतांनीही आपला शब्द सोन्यासारखा पारखून घ्या, असे शिकवले. मग दुकानदाराचा शब्द न पारखता का घ्यावा?

जाडी किती? कणकेला विचारा

अस्तर जितके जाड तितके चांगले, असे वाटते. पण बॉनेट आणि इंजिन यांच्यात जागा किती आहे ते आधी पाहिले पाहिजे. त्यासाठी घरातलीच युक्ती आहे. शिळी कणीक किंवा मळलेली चिकणमाती घ्यावी, लिंबाएवढे गोळे करावेत, प्रत्येक गोळा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळावा. इंजिन गार असताना जिथे जिथे उंचवटा आहे, म्हणजे एअर क्लीनरची टोपी, रेडिएटरचे झाकण, इंजिनच्या डोक्यावरचे झाकण, तिथे एकेक गोळा ठेवावा. रिकामे बॉनेट जागेवर धरून हलकेच बंद करावे आणि पुन्हा उघडावे. गोळा जेवढा चपटा झाला तेवढीच तिथे जागा आहे. अस्तर त्यापेक्षा निदान दोन बोटे पातळ हवे. साधारण १२ ते २५ मिलिमीटरच्या दरम्यानचा थर पुरतो. जिथे गोळा अगदीच चपटा झाला तिथे अस्तर लावूच नये.

बसवण्याची रीत

पहिल्यांदा कागदाचा साचा करावा. वर्तमानपत्र बॉनेटच्या आत दाबून, कडा बोटाने उमटवून कापावे. आमच्या साप्ताहिकाचा जुना अंक वापरलात तरी आम्ही रागावणार नाही. बाबासाहेबांचा फोटो असलेले पान तेवढे आधी काढून ठेवा.

साच्यावर हवेच्या फटी, बिजागर, खटका, दिव्यांची जागा आणि एअर क्लीनर हवा ओढतो ते तोंड यांच्या खुणा कराव्यात आणि तेवढा भाग कापून टाकावा. हवेच्या फटी कधीही झाकू नयेत. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचा दाखला दिला होता, तो आपल्याला ठाऊक आहे. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी सूर नाही. इथेही तेच. अस्तर नसले तर कान जातात आणि हौसेने फटीही बुजवल्या तर इंजिन तापून बसते.

सायलेन्सरचा पाइप किंवा मॅनिफोल्ड बॉनेटच्या अगदी जवळून जात असेल तर तेवढा भाग उघडा ठेवावा, किंवा मध्ये पत्र्याचा आडोसा करून दोन्ही बाजूंना हवा खेळती ठेवावी.

साच्यावरून अस्तर धारदार ब्लेडने कापावे. चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर कमीच ठेवावे. कापलेल्या कडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद कराव्यात, म्हणजे तेल-पाणी आत शिरत नाही आणि तंतू उडत नाहीत.

चिकटवायला चपला-बुटांच्या कारखान्यात वापरतात ते रबरी सोल्युशन चालते. त्याची रीत पाळावी. पत्र्याला आणि अस्तराला, दोन्हीकडे पातळ हात द्यावा. लगेच चिकटवू नये. बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटे, थांबावे. मग मधून सुरुवात करून कडेकडे दाबत जावे, म्हणजे हवा आत अडकत नाही. चंदेरी बाजू इंजिनकडे यावी. सोल्युशनची वाफ डोक्यात चढते आणि पेटही घेते, म्हणून बंद खोलीत हे काम करू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचे : नुसत्या सोल्युशनवर भरवसा ठेवू नये. इंजिनच्या उष्णतेने ते नरम पडते. एखाद्या दुपारी बागेच्या मधोमध अस्तर सुटले आणि पंख्यात गेले किंवा मॅनिफोल्डवर बसले, तर आग लागायला वेळ लागत नाही. म्हणून जुनी क्लिपांची भोके असतील तर त्यांत नव्या क्लिपा बसवाव्यात. नसतील तर कडेने ॲल्युमिनियमची पातळ पट्टी ठेवून रिव्हेट मारावेत, मोठ्या वॉशरसह. भोके पाडण्यापूर्वी पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला वायर किंवा दिवा नाही ना ते पाहावे.

बॉनेट एक दिवस पालथेच ठेवून वाळू द्यावे. मग जोडावे, बॅटरीची वायर लावावी, इंजिन पंधरा मिनिटे चालवावे. जळका वास येतो का, तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर जातो का, ते पाहावे. बंद करून, उघडून, हात लावून खात्री करावी. पहिल्या पूर्ण दिवसाच्या कामानंतर पुन्हा एकदा. पुढे आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून उंदराचे घरटे, वाळका पाला, तेलाचे डाग पाहण्याची सवय ठेवावी. तेलाने भिजलेले अस्तर धुऊन परत लावू नये, बदलावे.

अस्तर लावले म्हणजे झाले का?

नाही. हे आम्ही स्पष्टच सांगतो. अस्तराने आवाज थोडा उतरतो, बोचरेपणा कमी होतो. पण फवारणीच्या वेळी मागे ब्लोअरचा पंखा चालू असतो, त्याच्यावर बॉनेटच्या अस्तराचा काही इलाज नाही. कॅबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या पुढे आवाज जाणे ही सर्रास गोष्ट आहे.

अमेरिकेतील 'नायॉश' या कामगार-आरोग्याच्या संस्थेने सांगितलेला हिशेब प्रत्येक घरात माहीत असावा. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास, ही मर्यादा. त्यावर प्रत्येक तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास. मोबाईलवर आवाज मोजण्याची सोय मिळते. ती अगदी काटेकोर नसते, पण अंदाज देते. मोबाईल नसला तरी साधी खूण आहे : हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर तो आवाज कानाला घातक आहे असे समजावे.

कानाच्या आत शंखासारख्या भागात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या बारीक, उंच सुराच्या. म्हणून माणूस 'बहिरा' झाला असे कुणाला वाटत नाही. त्याला बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. 'स', 'श', 'फ', 'थ' ही अक्षरे निसटतात. 'सात' आणि 'हात' सारखेच वाटते. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज आधी हरवतो. निफाडच्या त्या बहिणीने लक्षात घ्यावे की ती पुटपुटत नाही. आणि भावानेही लक्षात घ्यावे की चूक बहिणीच्या बोलण्यात नाही.

म्हणून अस्तराबरोबर कानात फोमचे बोळे किंवा कानांवर मफ हवेतच. कापसाने काही होत नाही. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढावा, बोळा आत सरकवून तो फुलेपर्यंत बोट ठेवावे. मात्र औषध लागलेल्या हातांनी बोळा कानात घालू नये. आधी साबणाने हात धुवावेत. मुलाच्या कानात रातकिडे ओरडू लागले आहेत, म्हणून त्याला जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात नेऊन ऐकण्याची तपासणी करून घ्यावी आणि तो कागद जपून ठेवावा. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी केली की फरक कळेल.

मालकाशी बोलताना

यंत्र मालकाचे आहे, तेव्हा न विचारता त्याला हात लावू नये. पण विचारायला घाबरूही नये. भांडायला जाऊ नका, पुरावा घेऊन जा. रेडिएटरच्या जाळीतून निघालेला फोमचा भुगा कागदात बांधून दाखवा. सांगा, "मालक, हे आत जातंय. आज जाळी भरली, उद्या इंजिन तापेल." यंत्राची भाषा त्याला लवकर समजेल. मग आपल्या कानाची गोष्ट सांगा आणि तीही तितक्याच सरळ. "सामान तुमचं, हात माझे, पण त्या दिवसाची मजुरी द्यावी लागेल," हे म्हणायला लाजू नका. फुकट राबण्याचा शाप असलेले महार वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. त्यांच्या लेकराने रविवारचा दिवस फुकट द्यावा, हे आम्हाला तरी पटत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात अ‍ॅस्बेस्टॉसचा आजार आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हे दोन्ही धंद्याचे रोग म्हणून नोंदले गेले. पण हे सगळे कारखान्याच्या फाटकाच्या आत. द्राक्षबागेला फाटक असले तरी तिथे फॅक्टरी इन्स्पेक्टर येत नाही. शेतावरच्या पोराचा बहिरेपणा कुठल्या रजिस्टरात चढत नाही. तो फक्त आईला कळतो, जेव्हा दुसऱ्या हाकेलाही ओ येत नाही.

तोवर आपणच आपले इन्स्पेक्टर व्हायचे. तथागतांनी शेवटच्या घडीला ज्या अप्पमादाची शिकवण दिली, त्याचा अर्थ सावधपणा, गाफील न राहणे. तो विहारात जसा लागतो तसा बॉनेट उघडतानाही लागतो.

निफाडच्या माऊली, तुमच्या पोराला सांगा की त्याची तक्रार बरोबर आहे. स्पंजाचा हट्ट धरणारा तो वेडा नाही. अस्तर बसवा, बोळे घाला, तपासणी करून या. आणि त्याला हाक मारताना लांबून ओरडू नका. समोर जा, तोंड दिसेल असे उभे राहा आणि सावकाश बोला. बहिणीलाही तसे सांगा. त्याचा राग निम्मा तिथेच उतरेल.

काम झाले की आम्हाला दोन ओळी लिहा. कुणी वाचकाने असे अस्तर आपल्या हाताने बसवले असेल तर त्यानेही अनुभव कळवावा. तो या सदरात छापू.

जयभीम! नमो बुद्धाय!